ग्रीक वीरकथा आणि कलावंताने निवडलेला क्षण

ट्रॉयचा वेढा, अकिलीसचा कोप, हेराक्लीसची बारा दिव्ये, मेडुसेचा शिरच्छेद करणारा पर्सियस आणि चक्रव्यूहात शिरून मिनोटॉरचा वध करणारा थीसियस यांची आख्याने मराठी वाचकाला आता नवखी राहिलेली नाहीत. होमरच्या महाकाव्यांचा सारांश आपल्याकडे अनेकवार दिला गेला आहे आणि शाळेच्या वाचनमालांतूनही या वीरांची ओळख थोडीफार झालेली असते. परंतु ज्या समाजात या कथा जन्मल्या, त्या समाजाने त्या कानांनी ऐकल्या तितक्याच डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मद्य आणि पाणी मिसळण्याच्या मोठ्या पात्रांवर, तेलाच्या कुप्यांवर, मृतासोबत थडग्यात ठेवावयाच्या घड्यांवर, मंदिरांच्या शिल्पपट्टांवर आणि सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर ही आख्याने शतकानुशतके उमटत राहिली, आणि ती उमटविणारा कलावंत कवीचा हुकूम बजावणारा चाकर नव्हता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे अद्याप पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. चित्र म्हणजे ग्रंथातील मजकुराला जोडलेली शोभा, अशी आपली समजूत असते. ग्रीक वीरचित्रांच्या बाबतीत ती टिकत नाही. ट्रोजन युद्धासंबंधीची कित्येक काव्ये काळाच्या उदरात गडप झाली असून त्यांतील प्रसंगांची साक्ष आज केवळ मातीचे घडे देतात. अकिलीस आणि एजॅक्स युद्धातील उसंतीच्या वेळी सोंगट्यांचा डाव मांडून बसले आहेत, हा प्रसंग दीडशेच्या वर घड्यांवर आढळतो, आणि आज उपलब्ध असलेल्या एकाही प्राचीन ग्रंथात तो सापडत नाही.

या विषयात शिरताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे. कीर्तनात उत्तररंगाला उभे राहिलेल्या बुवांना आख्यान लांबवता येते, मागे नेता येते, वीराच्या जन्मापासून त्याच्या निर्याणापर्यंत श्रोत्यांना फिरवून आणता येते. चित्रकाराला आणि मूर्तिकाराला काळाची ही मुभा नाही. त्याला अवघ्या कथेतून एकच क्षण उचलावा लागतो, आणि तो क्षण उचलताना त्या वीराविषयीचा आपला निवाडाही तो नकळत देऊन टाकतो. तेव्हा कोणत्या कलावंताने कोणता क्षण निवडला, हा तो प्रश्न होय. सामान्यतः आपल्याला वाटते की तो क्षण पराक्रमाचाच असला पाहिजे: तलवार खाली येत आहे, सिंहाची मान आवळली जात आहे, राक्षसाच्या छातीत भाला शिरत आहे. असे क्षण अगणित चित्रांत आहेत हे खरे. तथापि सव्वीस शतकांच्या या परंपरेतील ज्या कृतींपुढे आपण दीर्घकाळ थबकतो, त्यांतील बहुसंख्य कृतींत पराक्रम अजून व्हावयाचा आहे किंवा होऊन गेला आहे. कृत्याच्या ऐन भरात वीराचे शरीर दिसते. तो वीर कोण आहे हे मात्र त्या कृत्याच्या अलीकडे किंवा पलीकडेच दिसते, असे माझे मत आहे, आणि पुढील विवेचन त्या मताच्या समर्थनार्थ आहे.

आरंभीच्या कलावंतांपुढे मात्र हा प्रश्न या स्वरूपात उभा नव्हता. इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडविलेला एक प्रचंड घडा एल्यूसिस येथे सापडला. एका बालकाच्या दफनासाठी त्याचा उपयोग केलेला होता. त्याच्या गळ्यावर ओडिसियस आणि त्याचे सोबती एकाक्ष पॉलिफेमसच्या डोळ्यात अणकुचीदार वासा खुपसत आहेत, आणि त्याच वेळी त्या राक्षसाच्या हातात मद्याचा पेलाही आहे. कथेप्रमाणे आधी मद्य, मग निद्रा, मग अंधत्व. चित्रकाराने हा सारा क्रम एका आकृतीत गोळा केला आहे, कारण त्याला क्षण दाखवायचा नसून कथा सांगायची आहे, आणि पेला काढून टाकला तर कथेचे कारणच नाहीसे होते. कॉर्फू बेटावरील आर्टेमिसच्या मंदिराच्या दर्शनी त्रिकोणात, इ. स. पूर्व 580 च्या सुमारास कोरलेली महाकाय मेडुसा याहूनही धीट आहे. गुडघे दुमडून धावण्याच्या पवित्र्यात ती आपल्याकडे रोखून पाहत आहे, तिचे मस्तक धडावर शाबूत आहे, आणि तरीही तिच्या दोन्ही बाजूंना पेगासस हा पंखांचा घोडा व ख्रिसाओर ही तिची अपत्ये उभी आहेत. ही अपत्ये तिचे मस्तक उडविल्यावर तिच्या कंठातून जन्मली, असे कथा सांगते. म्हणजे तिचे जीवन, तिचा मृत्यू आणि तिच्या मृत्यूचे फळ ही तिन्ही एका पाषाणात एकत्र नांदत आहेत. या पद्धतीला अडाणीपणा म्हणण्याची चूक कोणी करू नये. कालाचा असा संकोच करण्याचे धैर्य पुढील ग्रीक कलेने सोडून दिले, आणि त्यात तिने काही गमावलेही.

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील, शोधकाच्या नावाने प्रसिद्ध झालेले ‘फ्रांस्वा पात्र’ हे या आख्यानप्रीतीचे शिखर आहे. क्लेइतियास या चित्रकाराने आणि एर्गोतिमोस या कुंभाराने इ. स. पूर्व 570 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या एका पात्रावर दोनशेहून अधिक आकृती थरांथरांनी मांडल्या असून बहुतेकांची नावे शेजारी लिहिलेली आहेत. एखाद्या मातबर घराण्याच्या दफ्तरासारखा तो नामावळीचा दस्तऐवज आहे. 1900 साली संग्रहालयातल्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्याचे 638 तुकडे केले. ते पुन्हा जोडण्यात आले. या पात्रावरील आकृती रेखीव आहेत, चपळ आहेत, परंतु त्यांतील एकीच्याही मनात आपल्याला शिरता येत नाही.

मनात शिरण्याचा मार्ग ज्याने उघडला तो एक्झेकियस. अथेन्समध्ये इ. स. पूर्व 540 ते 530 च्या सुमारास काम करणारा हा कारागीर कुंभारही होता आणि चित्रकारही. आपल्या काही पात्रांवर त्याने दोन्ही नात्यांनी स्वाक्षरी केली आहे. त्याची शैली कृष्णाकृती म्हणून ओळखली जाते, आणि तिचे तंत्र समजल्याशिवाय त्याचे सामर्थ्य समजणार नाही. या घड्यांवरील काळा रंग हा रंग नव्हेच. त्याच मातीचा अत्यंत गाळीव असा पातळ लेप कुंचल्याने चढवीत, त्यातून टोकदार हत्याराने बारीक रेषा कोरून काढीत, आणि मग घडा भट्टीत जाई. प्रथम भट्टीत हवा खेळती ठेवीत, तेव्हा सर्व पात्र तांबडे होई. मग हवा कोंडून ओली लाकडे घालीत, तेव्हा सर्व काळे होई. अखेरीस पुन्हा हवा सोडली की उघडी माती तांबडी होई आणि लेपाचा भाग, वितळून घट्ट झालेला असल्यामुळे, काळाच राही. म्हणजे चित्रकाराजवळ छायेसारखी सपाट काळी आकृती आणि तिच्यावर ओरखडलेल्या रेषा, एवढाच सरंजाम होता. चेहऱ्यावर भाव दाखविण्यास याहून प्रतिकूल साधन कल्पिणे कठीण.

या साधनाने एक्झेकियसने जे केले ते फ्रान्समधील बुलोन-सुर-मेर येथील एका घड्यावर पाहावे. प्रसंग एजॅक्सच्या आत्मघाताचा. अकिलीसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रास्त्रे कोणास द्यावी याचा निवाडा झाला आणि ती ओडिसियसला मिळाली. अपमानाने वेडापिसा झालेल्या एजॅक्सने शत्रू समजून गुरांच्या कळपांची कत्तल केली, आणि शुद्धीवर आल्यावर लज्जेने तलवारीवर देह टाकला. एक्झेकियसच्या पूर्वीच्या चित्रकारांनी हा प्रसंग काढला तो पालथ्या पडलेल्या, तलवार आरपार गेलेल्या प्रेताच्या रूपात, भोवती बघ्यांची दाटी करून. एक्झेकियसने बघे काढून टाकले, रक्त काढून टाकले, मृत्यूही काढून टाकला. त्याचा एजॅक्स एकटा आहे. ओणवा बसून तो तलवारीची मूठ जमिनीत पुरीत आहे आणि तिच्याभोवतीची माती हाताने नीट चोपून बसवीत आहे, जेणेकरून पाते हलू नये. कपाळावर दोन-तीन सुरकुत्या कोरल्या आहेत. एका बाजूस ताडाचे झाड, दुसऱ्या बाजूस आता निरुपयोगी झालेली ढाल, शिरस्त्राण आणि भाले. जगाच्या कलेत निश्चयाचे याहून भयंकर चित्र मला माहीत नाही. कारण येथे आवेश नाही, आक्रोश नाही, तर जन्मभर शस्त्रे जपणाऱ्या योद्ध्याची शेवटची, काळजीपूर्वक केलेली कामगिरी आहे.

त्याच हाताने व्हॅटिकनमधील घड्यावर सोंगट्यांचा डाव रंगविला आहे. अकिलीस आणि एजॅक्स समोरासमोर बसून पटावर वाकले आहेत, भाले खांद्याला टेकलेले आहेत, आणि त्यांच्या तोंडून निघालेले दान अक्षरांत लिहिले आहे: अकिलीसचे चार, एजॅक्सचे तीन. दोघांच्या अंगावरील वस्त्रांचे नक्षीकाम इतके सूक्ष्म आहे की ते भिंगाखाली पाहावे. पण त्या नक्षीपेक्षाही त्या दोन आकड्यांतील एकाचा फरक मनात रुतून बसतो. यांपैकी एक जण लवकरच रणात पडणार आहे आणि दुसरा त्याचे शव खांद्यावरून वाहून आणून पुढे त्याच्याच शस्त्रांपायी प्राण देणार आहे, हे घडा हातात घेणाऱ्या प्रत्येक अथेन्सकराला ठाऊक होते, आणि चित्रकाराने त्या ठाऊकपणावर सर्व भिस्त ठेवली.

माझ्या सिद्धांताला छेद देणारे उदाहरणही एक्झेकियसचेच आहे, आणि ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रिटिश म्युझियममधील घड्यावर अकिलीस अॅमेझॉनांची राणी पेंथेसिलीया हिच्या कंठात भाला खुपसत आहे. हा पराक्रमाचा ऐन क्षण होय. परंतु शिरस्त्राणाने झाकलेल्या त्याच्या मुखातून दिसणारा एकुलता डोळा आणि खाली कोसळताना वर वळलेली तिची उघडी मुद्रा यांची नजरानजर झाली आहे, आणि त्याच नजरेत तो तिच्यावर अनुरक्त झाला अशी कथा आहे. वध करणारा आणि वध होणारी यांच्यात जे घडले ते भाल्याने घडलेले नाही, एवढेच मी म्हणेन.

इ. स. पूर्व 530 ते 520 या दशकात अथेन्सच्या कुंभारवाड्यात उलटी रीत सुरू झाली: पार्श्वभूमी काळी आणि आकृती मातीच्या तांबड्या रंगाच्या. आता रेषा कोरावी लागत नव्हती, कुंचल्याने ओढता येत होती. स्नायू, पापण्या, बोटांची पेरे हे सारे तिच्या आटोक्यात आले. युफ्रोनिओसने या नव्या शैलीत इ. स. पूर्व 515 च्या सुमारास झ्यूसपुत्र सार्पेडॉनचा देह रंगविला. पॅट्रॉक्लसच्या हातून तो पडला आहे. निद्रा आणि मृत्यू हे दोघे पंखधारी बंधू त्याचा प्रचंड देह अलगद उचलीत आहेत, हर्मीस उभा राहून पाहत आहे, आणि जखमांतून रक्ताच्या धारा अजून वाहत आहेत. हा ट्रॉयच्या पक्षाचा, म्हणजे ग्रीकांच्या शत्रूचा वीर! शत्रूच्या पतनात जयघोष न शोधता त्याच्या देहाच्या भाराकडे इतक्या आदराने पाहणारा चित्रकार ज्या समाजात निर्माण झाला, त्या समाजाच्या संस्कृतीविषयी आणखी प्रमाण द्यावयास नको. हे पात्र 1972 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सुमारे दहा लक्ष डॉलरांस विकत घेतले. ते इटलीतील प्राचीन थडग्यांतून चोरून उकरले गेल्याचे पुढे मान्य झाले आणि 2008 साली ते इटलीस परत गेले.

वीरांच्या निवडीत राज्यकारणाचाही हात असे, आणि त्याचा थोडक्यात उल्लेख करणे प्राप्त आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात अथेन्सच्या घड्यांवर हेराक्लीसचे राज्य होते. पुढे एकतंत्री सत्ता कोसळून लोकसत्ता आली, तसतसा अथेन्सचा स्वतःचा म्हणता येईल असा थीसियस पुढे सरसावला. डेल्फी येथील अथेन्सकरांच्या कोषागाराच्या शिल्पपट्टांवर दोघांचे पराक्रम शेजारी शेजारी आहेत. इ. स. पूर्व 475 च्या सुमारास सेनापती किमोनने स्कायरॉस बेटावरून थीसियसच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अस्थी समारंभाने अथेन्सला आणल्या. असे काही घडले की कुंभारवाड्याला त्याची खबर लगेच लागते, हे सांगणे नलगे.

ऑलिम्पिया येथील झ्यूसच्या मंदिराकडे आपण आता वळू, कारण या साऱ्या विषयाचा मध्यबिंदू माझ्या दृष्टीने तेथे आहे. सुमारे इ. स. पूर्व 470 ते 457 या काळात उभारलेल्या या मंदिराच्या पुढील आणि मागील दालनांवर प्रत्येकी सहा अशा बारा पट्टांत हेराक्लीसची बारा दिव्ये कोरलेली होती. ती आज भग्नावस्थेत असून काही अवशेष 1829 मधील फ्रेंच मोहिमेमुळे लूव्हरमध्ये आहेत, आणि 1875 पासून जर्मनांनी केलेल्या पद्धतशीर उत्खननात मिळालेले ऑलिम्पियातच आहेत. शिल्पकाराचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. पहिले दिव्य नेमियाच्या सिंहाचे. घडे रंगविणाऱ्यांनी सिंहाशी चाललेली झोंबाझोंबी शेकडो वेळा काढली होती. या शिल्पकाराने सिंह आधीच मारून जमिनीवर लोळविला आहे. त्याच्यावर एक पाय ठेवून, कोपर गुडघ्याला टेकवून आणि गाल हातावर विसावून हेराक्लीस उभा आहे. बाराही पट्टांत केवळ येथेच त्याला दाढी फुटलेली नाही. पहिल्याच कामगिरीनंतर त्या कोवळ्या मुलाला आलेला शीण आणि पुढे आणखी अकरा कामगिऱ्या आहेत याची उमगलेली जाणीव त्या झुकलेल्या मस्तकात आहे. शेजारी अथीना उभी आहे, तीही येथे पोरसवदाच आहे.

याच मालिकेत स्टिम्फालियन पक्ष्यांचा पट्ट आहे. धनुष्य नाही, उडणारे थवे नाहीत. खडकावर बसलेल्या अथीनेला हेराक्लीस मारलेले पक्षी आणून देत आहे, बाजारातून घरी आलेला मुलगा जिन्नस हवाली करतो तितक्या साधेपणाने. आणि सुवर्णफळांच्या पट्टात तर वीराला हालताही येत नाही. अॅटलस फळे आणावयास गेला असताना आकाशाचा भार हेराक्लीसने आपल्या खांद्यांवर घेतलेला आहे, खांद्यावर दुमडलेली उशी आहे. अॅटलस परत येऊन दोन्ही हातांनी फळे पुढे करीत आहे, पण ती घ्यावयास वीराचे हात मोकळे नाहीत. आणि मागे उभी असलेली अथीना एक हात वर करून, जणू काहीच कष्ट न पडता, त्या आकाशाला आधार देत आहे. मनुष्याचे सर्वस्व पणाला लावणारे ओझे आणि देवतेचा एक तळहात, यांतील अंतर ज्या शांतपणे येथे मांडले आहे तसे मी अन्यत्र कोठे पाहिले नाही. बारा दिव्यांतून या शिल्पकाराला एक मनुष्य तारुण्यापासून प्रौढत्वापर्यंत चालवीत न्यायचा होता, आणि म्हणूनच त्याने केवळ विजयांची यादी केली नाही.

याच शतकातील सर्वश्रेष्ठ मानला गेलेला भित्तिचित्रकार पॉलिग्नोटस याची डेल्फीतील चित्रे समूळ नष्ट झाली, परंतु इ. स. दुसऱ्या शतकात पौसानियस या प्रवाशाने ती तपशीलवार पाहून लिहून ठेवली, हे आपले भाग्य. ट्रॉयचा पाडाव रंगविताना पॉलिग्नोटसने लढाई संपल्यानंतरचे नगर निवडले: प्रेते, बंदिवान स्त्रिया, नांगर उचलण्याच्या तयारीत असलेली जहाजे, आणि त्या साऱ्यात अकिलीसचा पुत्र निओप्टोलेमस एकटा अजून मारीतच सुटलेला. ज्याला थांबणे जमत नाही असा एकच वीर दाखवून बाकीच्यांचे थांबणे त्याने किती बोलके केले असेल! सुमारे इ. स. पूर्व 480 च्या, आता नेपल्स येथे असलेल्या एका पाण्याच्या घड्यावर वृद्ध राजा प्रायम मांडीवर नातवाचे प्रेत घेऊन वेदीवर बसलेला आहे आणि दोन्ही हातांनी मस्तक झाकून घेत आहे. याच सुमारास इराणी सैन्याने अथेन्स जाळले होते. जिंकणाऱ्या पूर्वजांची कथा सांगताना तो अथेन्सचा चित्रकार हरणाऱ्यांच्या घरात जाऊन बसला.

पुढे टिमोमाकस नावाच्या चित्रकाराची एजॅक्स आणि पोटच्या मुलांचा वध करणारी मीडिया यांची दोन चित्रे जूलियस सीझरने 80 टॅलेंट देऊन घेतली आणि व्हीनसच्या मंदिरात लावली, असे प्लिनी लिहितो. मूळ चित्रे गेली. पण पॉम्पेईच्या एका भिंतीवर मुले निर्धास्तपणे खेळत आहेत आणि बाजूला उभ्या असलेल्या मीडियेचा हात तलवारीवर आहे, अशी मांडणी आढळते, ती त्याच परंपरेतील होय.

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील लिसिपसने थकलेल्या हेराक्लीसला शेवटचे रूप दिले. त्याची मूळ ब्राँझमूर्ती उपलब्ध नाही. रोममधील काराकालाच्या स्नानगृहांत 1546 च्या सुमारास सापडलेली, ग्लायकॉन या अथेन्सकराने स्वाक्षरी केलेली तिची प्रचंड संगमरवरी प्रतिकृती फार्नेसे घराण्याकडे गेली आणि आज नेपल्स येथे आहे. तीन मीटरांहून उंच असा हा देह, छाती-दंडांच्या डोंगरांसह, काखेत टेकविलेल्या सोट्यावर रेलला आहे आणि त्याची दृष्टी जमिनीकडे आहे. पाहणारा मागे गेल्यावरच त्याला कळते की पाठीमागे नेलेल्या उजव्या हातात सुवर्णफळे आहेत. म्हणजे काम संपले आहे. अमरत्व हातात आहे, आणि वीराला त्याचा आनंद होण्याइतके त्राण उरलेले नाही. नेदरलंड्समधील खोदचित्रकार हेन्ड्रिक गोल्ट्झियस 1590 च्या सुमारास रोमला गेला, तेव्हा त्याने या मूर्तीचे चित्र मागून काढले आणि खाली कोपऱ्यात मान वर करून तिच्याकडे पाहणाऱ्या दोन माणसांचे चेहरे घातले. आपल्याला फळे दिसतात, मुद्रा दिसत नाही. त्या दोघांना मुद्रा दिसते, फळे दिसत नाहीत. एका मूर्तीवर दुसऱ्या कलावंताने लिहिलेले याहून मार्मिक भाष्य विरळा.

हेच वीर पूर्वेकडेही चालत आले. गांधारात, कुशाणकालीन शिल्पांत, बुद्धाचा रक्षक वज्रपाणी सिंहाचे कातडे पांघरून येतो, तेव्हा तो ओळखीचा हेराक्लीसच असतो. हातातील सोट्याच्या जागी वज्र आले एवढेच. ब्रिटिश म्युझियममधील एका गांधारशिल्पात ट्रॉयचा लाकडी घोडा चाकांवर ढकलला जात आहे, पुरोहित लाओकून त्याच्यावर भाला रोखीत आहे, आणि नगरद्वारात हात उंचावून उभी राहिलेली कसान्ड्रा ही वेशभूषेने व अंगलटीने हिंदी स्त्री आहे. महाराष्ट्राशीही या कथांचा एक धागा जुळतो. पैठण आणि तेर या पेठांची नावे पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या प्रवासवृत्तात येतात, आणि त्या व्यापाराचा ऐवज गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळाला. त्यातील समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात अनेकांनी पाहिली असेल. परंतु त्याच संचयात पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची उठावाची आकृती असलेली एक ब्राँझची गोल तबकडीही होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. सातवाहनांच्या मुलुखातील कोण्या सावकाराने ती घरात जतन केली. कथा न कळताही त्याला ती मोलाची वाटली असेल, तर कलेच्या बाजूने हा कौल लहान नाही.

युरोपातील प्रबोधनकाळाने ऐन पराक्रमाचा क्षण पुन्हा मोठ्या हौसेने हाती घेतला. पोलाइउओलोच्या, अर्ध्या मीटरहूनही लहान असलेल्या ब्राँझमूर्तीत हेराक्लीस अँटियसला जमिनीवरून उचलून छातीशी चिरडीत आहे. पृथ्वीच्या स्पर्शाने बळ मिळविणाऱ्या शत्रूला अधांतरी मारण्याची ती युक्ती, आणि हवेत झाडलेले त्याचे पाय सर्व बाजूंनी पाहण्याजोगे आहेत. शरीरशास्त्राच्या नव्या अभ्यासाचा तो विजय होता. त्यापुढे माझा आग्रह मी बाजूस ठेवतो. चेल्लिनीने मात्र 1545 ते 1554 अशी नऊ वर्षे खपून घडविलेल्या पर्सियसमध्ये वध उरकून घेतला आहे. ओतकामाच्या दिवशी तो ज्वराने अंथरुणाला खिळला होता, मुशीतील धातू गोठू लागली, आणि घरातील कथलाची ताटे-वाट्या भट्टीत टाकून त्याने ती पुन्हा वाहती केली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. मस्तक उंच धरलेल्या त्या तरुणाची नजर खाली आहे. आणि त्याचा चेहरा व मेडुसेचा चेहरा यांतील साम्य एकदा ध्यानात आले की ते नजरेआड करता येत नाही. रेम्ब्राँटने 1630 च्या सुमारास एका लहानशा फळीवर अँड्रोमेडा रंगविली तेव्हा राक्षस गाळला आणि पर्सियसही गाळला. हात साखळ्यांत अडकलेली एक भेदरलेली मुलगी चौकटीबाहेर पाहत आहे. वीराची सारी कथा येथे त्याच्या अनुपस्थितीत सांगितली आहे, आणि सुटका होणार हे आपल्याला ठाऊक असूनही तिला ते ठाऊक नाही, ही गोष्ट आपल्याला टोचत राहते.

या विषयाला शास्त्राचे स्वरूप जर्मन लेखक लेसिंगने दिले. 1506 साली रोममध्ये उकरून काढलेल्या लाओकूनच्या समूहशिल्पाचे निमित्त करून 1766 च्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले की, काव्य कालात पसरते, चित्र अवकाशात. म्हणून चित्रकाराने परमोच्च क्षण न घेता त्याच्या अलीकडचा घ्यावा, जेणेकरून कल्पनेला पुढे जावयास वाव राहील. त्याचे म्हणणे मला मान्य आहे, पण पुरते नाही. तो कल्पनेच्या सोयीचा विचार करतो, आणि वीराच्या अंतःकरणाचा प्रश्न तसाच राहतो. रोमला आलेला तरुण शिल्पकार कानोव्हा 1781 च्या सुमारास थीसियस आणि मिनोटॉर यांची झुंज कोरणार होता. गॅव्हिन हॅमिल्टन या चित्रकाराने त्याला झुंज संपल्यानंतरचा क्षण घेण्याचा सल्ला दिला. त्याचा थीसियस मेलेल्या मिनोटॉरवर बसून त्याच्याकडे खाली पाहत आहे. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कृत्य ज्याच्या मागे पडले, असा तो माणूस आहे, आणि लंडनमधील त्या शुभ्र संगमरवरात तो अजून त्या गोष्टीची सवय करून घेत आहे.

विसाव्या शतकात ही परंपरा खंडित झाली, असे म्हणणाऱ्यांनी बूर्देलचा 1909 मधील धनुर्धर हेराक्लीस पाहावा. खडकाला पाय रेटून ताणलेला तो देह आहे. पक्षी कोठेही नाहीत. पिकासोने तर वीर बदलूनच टाकला. त्याच्या 1934 मधील खोदचित्रांत आंधळा झालेला मिनोटॉर एका लहान मुलीच्या आधाराने चाचपडत चालला आहे. थीसियसच्या तलवारीपेक्षा त्या पशूचे चाचपडणे त्याला अधिक जवळचे वाटले, आणि ज्या शतकाने तोवर एक महायुद्ध पाहिले होते त्या शतकाच्या कलावंताकडून हा निवाडा येणे स्वाभाविक होते.

पुढील पृष्ठांतील चित्रांची मांडणी कालक्रमाने केलेली नसून एकेका वीराच्या नावाने केली आहे, जेणेकरून एकाच प्रसंगावर निरनिराळ्या शतकांनी काय निवडले हे शेजारी शेजारी ताडून पाहता यावे. नावे शक्यतो ग्रीक उच्चारांनी दिली आहेत. रोमनांचा हर्क्युलिस वाचकाने हेराक्लीसच समजावा. पॉलिग्नोटस, टिमोमाकस यांच्या नष्ट झालेल्या कृतींची केवळ प्राचीन वर्णने दिली असून त्यांची कल्पनाचित्रे देण्याचे टाळले आहे. घड्यांची छायाचित्रे पाहताना ते सपाट पृष्ठभाग नव्हते, हातात धरून फिरविण्याच्या वस्तू होत्या, हे ध्यानी ठेवावे. बुलोनच्या घड्यावरील एजॅक्सचे ओणवेपण घड्याच्या पोटाच्या वळणाबरोबर वळलेले आहे, आणि ते कोणत्याही छापील पृष्ठावर पुरते उतरत नाही.